आतलं टेबल

हॉटेलच्या दारावर ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशी पाटी होती. मालकाने माझा फेटा निरखला. “इंडियाचे होय? मग या आत. हा काळा मात्र बाहेरच थांबेल.”

हा म्हणजे जेरोम, अलाबामातल्या कॉलेजातला माझा रूममेट. “जा, महाराजा,” तो हसला. “माझ्या वाटचीही कोंबडी खा.”

गावी आमच्या जातीला चहा हॉटेलबाहेरच, वेगळ्या कपात मिळे. आत बसणं मला ठाऊकच नव्हतं. मी आत गेलो. वेटरने खुर्ची ओढून दिली, ‘सर’ म्हणाला.

काचेतून जेरोम दिसत होता. आता तो हसत नव्हता. मान खाली घालून पायरीवर बसला होता, माझे वडील बसायचे तसा. उठून जावंसं वाटलं. तेवढ्यात ताट आलं.

मी खुर्ची फिरवली आणि काचेकडे पाठ करून जेवलो.