नऊ की अडतीस

"मला एवढंच सांगा," वँडा केंप म्हणाली, "यातली कुठली गोळी लागली तर माणूस थांबतो?"

डेलबर्ट प्रूइटने मान वर केली. सकाळचे दहा वाजून गेले होते आणि त्याच्या बंदुकीच्या दुकानात दुसरं कुणी नव्हतं. काउंटरवर पुसायला घेतलेलं रिव्हॉल्व्हर होतं. शेजारी लोकांनी आणून दिलेले जेवणाचे तीन डबे, वरची फॉइलसुद्धा न काढलेले.

"कुणाला थांबवायचंय?"

"आहे एक शेजारी. माझ्या साक्षीमुळे आत गेला होता. सोमवारी सुटलाय. जाताना म्हणाला होता, तुला बघून घेईन. आणि ते रिव्हॉल्व्हर आधी आत ठेवा हो. मला बघूनच कसंतरी होतं."

"बंदूक बघून कसंतरी होतं आणि बंदुकीच्या दुकानात आलात?"

"घ्यायला नाही, विचारायला आलेय. कुलूप पण लावा ना."

डेलबर्टने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवून किल्ली फिरवली. बाई साठीची, जाड चष्म्याची होती, आणि हातात शाळेतल्या पोरीसारखी वही-पेन्सिल. त्याने खणातून चार काडतुसं काढून तिच्यापुढे ओळीने उभी केली.

"हे तीनशे ऐंशी. हे अडतीस. हे नऊ मिलिमीटर. आणि हे जाडं, पंचेचाळीस."

"मोठं तेवढं चांगलं?"

"तसं असतं तर लोक तोफ उशाशी घेऊन झोपले असते."

आमच्या ओझार्क डोंगरांतल्या माणसाला देवाधर्माचं विचारा, तो दोन वाक्यांत आटपेल. कुठलं काडतूस चांगलं एवढं विचारा, मग घरी जायचं विसरा. डेलबर्ट मात्र त्या सकाळी तुटक बोलत होता. वँडाला एकेक उत्तर ओढून काढावं लागत होतं.

"याच्या नाकात खड्डा कशाला?"

"पोकळ नाकाची आहे. अंगात शिरली की फुलते आणि बहुतेक तिथंच राहते. गोल नाकाची माणसातून आरपार जाते, मग भिंतीतून, मग पलीकडे निजलेल्या लेकरापर्यंत."

वँडाने लिहून घेतलं. पेन्सिल दाताखाली धरून तिने विचार केला.

"आणि त्याने जाड लोकरीचा कोट घातला असेल तर?"

डेलबर्ट थांबला. हा प्रश्न त्याला आवडला होता. त्याने स्टूल ओढलं आणि बसला.

"तर त्या खड्ड्यात लोकर जाऊन बसते. मग कधीकधी गोळी फुलतच नाही. म्हणून कारखानेवाले कापडाच्या घड्यांवर मारून बघतात." त्याने हात पुढे केला. "माझी बोटं दाबा बघू. जोरात."

तिने दाबली.

"अरे बाप रे!"

"तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पातेली उचललीत मी."

"मग नऊचं पिस्तूल जमेल. वरचा भाग मागे ओढायला जोर लागतो. धक्का कमी आणि गोळ्या जास्त मावतात. अडतीसचं छोटं रिव्हॉल्व्हर दिसायला गरीब, पण झाडलं की मनगट बोंबलतं. तरी नॉर्मा तेच ठेवायची." त्याने अडतीसचं काडतूस उचललं. "बायको माझी. महिना झाला जाऊन."

त्याची नजर कपाटाकडे गेली. वँडाला गलबलून आलं. फार वाईट झालं, असं ती म्हणाली, पण लगेच तिने पुढचा प्रश्न टाकला.

"पण अडतीसच का हो? नऊ का नाही?"

शोकात असलेल्या माणसाला असं विचारू नये, हे तिलाही कळत होतं.

"हट्टी होती," डेलबर्ट म्हणाला. "म्हणायची, चाप ओढला की बार, मध्ये कसली कटकट नको. चाळीस वर्षं भांडलो आम्ही यावर. शेवटपर्यंत ऐकलं नाही तिने." आणि तो चक्क हसला.

बाराच्या सुमारास वँडाने न विचारताच एका डब्याची फॉइल काढली. आत कोंबडी आणि शेवया होत्या. दोघांनी कागदी थाळ्यांत थंडच खाल्लं. गोळी किती खोल जायला हवी हे समजावता समजावता डेलबर्टने दोनदा वाढून घेतलं.

एक वाजता हास्केल आत आला. जुना नौसैनिक, दुकानातलं रोजचं गिऱ्हाईक. आल्या आल्या त्याने काउंटरवर नजर टाकली.

"नऊ विकतोयस या बाईला? लाज वाटत नाही? त्याने खारसुद्धा मरत नाही. पंचेचाळीस दे."

"तुझ्या पंचेचाळीसने तुझा नेम लागलाय का कधी? गेल्या वर्षी माझा पाण्याचा नळ फोडलास!"

"तो नळच मध्ये आला!"

डेलबर्ट उभा राहिला. त्याचा आवाज चढला, कान लाल झाले. वँडाने वही मिटली. "तुमचं ठरलं की सांगा मला," असं फणकारून ती निघाली. दोघांपैकी कुणाचंच तिच्याकडे लक्ष नव्हतं.

गाडीत बसून तिने दार लावलं आणि फोन केला.

"शेरिल, मी वँडा. तुझे बाबा ठीक आहेत. जेवले. तुला भीती होती तसंच, एकटे रिव्हॉल्व्हर बाहेर काढून बसले होते, ते आत ठेवायला लावलं. आता हास्केलची पाळी सुरू झालीय, पाचपर्यंत भांडत ठेवेल तो."

पलीकडे शेरिलने नाक शिंकरलं.

"तुरुंगातून सुटलेला तो माणूस त्यांना खरा वाटला?"

"मलाच त्याची भीती वाटायला लागली होती, बाई. उद्या कोण जातंय?"

"पाद्रीबाबांची बायको. पण तिला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही."

"छान," वँडा डोळे पुसत म्हणाली. "तिला सगळं पहिल्यापासून समजवावं लागेल. तेवढाच आणखी एक दिवस जाईल."