दुसरा दिवा

दोन संध्याकाळी वाट पाहूनही दिवा उजळला नाही, तेव्हा कंपाउंडरकाका म्हणाले, “घेऊन जा बाळ हा. माझी लेक काही हात लावायची नाही त्याला.”

“पार्सल पोचलंय काका. जरा दम धरा.”

“तू तिला ओळखत नाहीस. हट्टाच्या बाबतीत माझ्यावर गेलीय.”

वर्गात जिला सगळे खटपटी म्हणत, ती मुलगी काकांच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. विद्यार्थ्यांच्या डिझाइन स्पर्धेचा यंदाचा विषय होता एकटेपणा. तिने दिव्यांची एक जोडी बनवली होती. एका दिव्यावर हात ठेवला की दुसरा, कितीही लांब असला तरी, मंद पिवळा उजळायचा. बोलायचं नाही, लिहायचं नाही. मी आहे, एवढंच कळवायचं.

काका तिच्या शेजारच्या इमारतीत एकटेच राहत. सगळा जन्म दवाखान्यात औषधं बांधून देण्यात गेला. बायको गेली आणि वर्षभरातच मुलीशी बोलणं तुटलं. तिने आपल्या मनाने लग्न ठरवलं. हे लग्नाला गेले नाहीत, आणि वर म्हणाले, “आजपासून तू मला मेलीस.” ही गोष्ट त्यांनी खटपटीला एकदाच सांगितली, तीही तिच्याकडे पाठ करून, नळाखाली भांडं विसळताना.

मुलीचा पत्ता मात्र त्यांना तोंडपाठ होता. गल्ली, घराचा नंबर, दारासमोरचं औषधांचं दुकानसुद्धा. फार पूर्वी एकदा ते तिथवर गेले होते आणि दार न वाजवताच परत फिरले होते.

पार्सलवर खटपटीने फक्त पत्ता घातला. कुणाच्या घरातली गोष्ट चव्हाट्यावर येऊ नये म्हणून नावं कुठेच लिहायची नाहीत, असा स्पर्धेचा नियम होता. आत छोटी चिठ्ठी होती : ‘तुमच्या माणसाने पाठवलाय. आठवण आली की हात ठेवा.’

तिसऱ्या संध्याकाळी ती दिवा परत न्यायलाच आली होती. काका ओट्यापाशी उभे होते. आणि टेबलावरचा दिवा हळूहळू उजळला.

काकांनी बाहीने डोळे पुसले.

“कांदा फार झोंबतोय,” ते म्हणाले.

ते बटाटे सोलत होते.

मग रोज संध्याकाळी दिवा लागू लागला. काका दाढी करू लागले. पडदे धुऊन निघाले. भाजीवालीला, टपालवाल्याला, जिन्यात भेटेल त्याला ते सांगू लागले, “काल दोनदा लागला!” पूर्वी दुपारी चारलाच कडी लावून घेणारा माणूस आता खिडकी उघडी ठेवून बसू लागला.

एके दिवशी ते खटपटीला म्हणाले, “माफी अशी दिव्यातून मागायची नसते गं. मी जाऊन येतो तिच्याकडे.”

तिकडे कॉलेजात सरांनी तिचं सादरीकरण पाहिलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. “छान आहे. पण ही अर्धीच गोष्ट झाली. परीक्षक पहिला प्रश्न विचारतील, दुसऱ्या दिव्याचं काय? त्या मुलीला भेटून ये.”

ती काकांना म्हणाली, “आधी मी जाऊन येते. मग तुम्ही.”

“चालेल.” काका खूप वेळ बोटांशी चाळा करत राहिले. “तिला सांग की... नको, काही सांगू नकोस. संध्याकाळी मी हात ठेवीन, तेव्हा तू तिच्याजवळ थांब. तिचा चेहरा तेवढा बघून ये.”

अर्धा दिवस बसचा प्रवास करून खटपटी त्या गल्लीत पोचली. समोर औषधांचं दुकान होतं, काकांनी सांगितलं होतं तसंच. दार एका सत्तरीच्या बाईंनी उघडलं.

सासूबाई असाव्यात.

“नमस्कार आजी. तो दिवा पाठवला होता ना, तो मी बनवलाय. मला जरा—”

तिला पुढे बोलूच न देता आजींनी तिचा हात धरून तिला आत ओढलं. “बस, बस. पाणी घे आधी. उन्हातून आलीस.”

खोली नीटनेटकी होती. मधोमध टेबलावर विणलेला रुमाल, आणि रुमालावर दिवा. त्यावर धुळीचा कण नव्हता.

“खरं सांगू? आधी माझं डोकंच फिरलं होतं,” आजी म्हणाल्या. “इतकी वर्षं ना फोन, ना निरोप, आणि पाठवतात काय, तर दिवा! दोन दिवस खोक्यातच पडू दिला. मग वाटलं, या वयात राग धरून तो न्यायचाय कुठे?”

या घरानेही काकांच्या मुलीचं दुःख आपलंच मानलेलं दिसतंय, असं खटपटीला वाटलं. तिला बरं वाटलं.

“टाळी एका हाताने वाजत नाही पोरी. त्या दिवशी मीही नाही नाही ते बोलले. आता हा लागला की घास गोड लागतो बघ.”

ताई कामावरून कधी येतात, हे विचारायला खटपटीने तोंड उघडलं, तेवढ्यात दिवा उजळला.

तिकडे काकांनी हात ठेवला होता.

आजी लगबगीने उठल्या. पदराला हात पुसून त्यांनी दोन्ही तळवे दिव्यावर ठेवले, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावेत तसे.

“आता लपवू नकोस,” हात तसेच ठेवून त्या म्हणाल्या. “माझा मुलगा बरा आहे ना? सध्या असतो तरी कुठे तो?”