मिटता चाकू

नारळी पौर्णिमा झाली होती. उद्या गुणवंतीचा धाकटा लेक पहिल्यांदाच गलबतावर जाणार होता. रत्नागिरीच्या बाजारात तिने मासळीची पाटी दुकानाच्या पायरीवर ठेवली आणि मिटते चाकू मागितले. एका हाताने खांब धरून तिने दुसऱ्या हातातला चाकू तोंडाशी नेला आणि पातं दातांनी ओढलं. हललं नाही. दुसराही घट्टच. “अगो, बोटांनी उघड की!” दुकानदार हसला. तिसऱ्याचं पातं चटकन बाहेर आलं. “ह्यो द्या, शेट.” “ह्याची मूठ साधी लाकडाची. थोरल्याला शिंगाच्या मुठीचा नेला होतास ना?” गुणवंतीने कनवटीचा गंजलेला चाकू काढून फळीवर ठेवला. “शिडाच्या दोरात त्याचा एक हात अडकला, शेट. शिडाबरोबर दर्यात गेला. मिऱ्याच्या किनाऱ्याला लागला तवा ह्यो गळ्यातल्या दोरीलाच व्हता, मिटलेला.” दुकानदाराने तो उजेडात धरला. शिंगाच्या मुठीवर दातांच्या खुणा होत्या.