आर्लिसबाईंचं भांडं

भाषण संपलं आणि चर्चच्या तळघरात कुणीही टाळी वाजवली नाही. कॉफीची मोठी किटली तेवढी एका कोपऱ्यात खदखदत होती.

प्रेस्टन लॅथ्रॉप तसाच उभा राहिला. भाषणात बंदुका झाल्या, कर झाले, देव तर तीनदा येऊन गेला. अंगात चौकड्यांचा शर्ट होता, पायात शेतकऱ्याचे बूट होते, आणि ते बूट कालच घेतलेत हे समोरच्या चाळीसही जणांना दिसत होतं. राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळवायला गव्हर्नरसाहेब दुसऱ्यांदा निघाले होते. पक्षातली शहरी मंडळी त्याच्यावर खूश होती. जुन्या वळणाची माणसं मात्र त्याला हिंग लावूनही विचारत नव्हती, आणि आयोवाच्या या कोपऱ्यात राहत होती ती सगळी तीच. सोमवारी संध्याकाळी याच तळघरात चिठ्ठ्या पडायच्या होत्या. इथे हरला की गाशा गुंडाळून घरी.

त्याला खरा सलत होता तो याच उमेदवारीसाठी उभा असलेला सिनेटर पिकेट. पिकेट नाताळपुरता चर्चला जायचा. कर वाढवायच्या बाजूने त्याने दोनदा हात वर केला होता. बंदूक कुठल्या टोकाला धरायची याबद्दल त्याचं ज्ञान बेताचंच होतं. तरी इथे जो तो त्याला ‘आपला पिकेट’ म्हणायचा. लॅथ्रॉपने या लोकांसाठी आपली निम्मी मतं बदलली होती, आणि त्याला कुणी नुसतं प्रेस्टनसुद्धा म्हणत नव्हतं.

पहिल्या रांगेत आर्लिस हुकस्ट्रा बसल्या होत्या. वय एक्याऐंशी. निम्मा तालुका त्यांना विचारून मत द्यायचा आणि उरलेला निम्मा त्यांना कळेल या भीतीने. लॅथ्रॉपने माईक खाली ठेवला आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

“आर्लिसबाई, तुम्हीच सांगा. माझं काय चुकतंय?”

“माझं भांडं कुठाय?” बाई म्हणाल्या.

लॅथ्रॉपने आपल्या सल्लागार मेरिडिथकडे पाहिलं. मेरिडिथने फाईलमध्ये पाहिलं. भांड्यांबद्दल उमेदवाराची भूमिका काय, हे फाईलमध्ये नव्हतं.

“चार वर्षांमागे तुझी बस बर्फात अडकली होती. मी तुम्हाला बटाटे आणि हॅम भाजून दिलं. निळ्या फुलांचं दुधी काचेचं भांडं, झाकणासकट. बुडाला माझ्या नावाची पट्टी आहे. लग्नातलं आहे ते माझ्या.”

“आमचं गाव जेवलंय त्यात,” मागून गेरिट म्हणाला. गेरिट डुकरं पाळायचा आणि एरवी कुणाच्या अध्यातमध्यात नसायचा.

परत प्रचाराच्या बसमध्ये बसल्यावर मेरिडिथ विचारात पडली. “साहेब, भांडं हे प्रतीक आहे. बाईंना म्हणायचंय, कुटुंब, संस्कार, परंपरा...”

“मेरिडिथ, त्यांना भांडं म्हणायचंय.”

अख्ख्या दौऱ्यातलं त्याचं हे पहिलं शहाणपणाचं वाक्य. त्याने लगेच बायकोला, लिडियाला फोन लावला.

“निळ्या फुलांचं? त्यात आपल्या किल्ल्या असतात की,” लिडिया म्हणाली. “कुणाचं आहे ते? ... चार वर्षं? अरे देवा! झाकण आहे माळ्यावर. आजच पाठवते. पण प्रेस्टन, एक लक्षात ठेव—”

“घासून नेईन गं, घासून नेईन,” म्हणत त्याने फोन ठेवला.

तशाच दिसणाऱ्या नव्या भांड्याचा बेत मेरिडिथने सुचवून पाहिला. त्याने तो उडवून लावला. शनिवारी भांडं आलं तेव्हा हॉटेलच्या बेसिनमध्ये त्याने ते स्वतः घासलं, पट्टीला पाणी लागू न देता, कडेच्या फुलांवरून अंगठा फिरवत. एक राज्य आठ वर्षं चालवलेला माणूस अर्धा तास एक भांडं घासत होता आणि त्याला मनापासून बरं वाटत होतं.

रविवारी प्रार्थना झाल्यावर तो तळघरात उतरला. पायात आपले नेहमीचे बूट होते. हातात कागद नव्हता.

“उशीर झाला, आर्लिसबाई. चूक माझी आहे,” तो म्हणाला आणि दोन्ही हातांनी भांडं पुढे केलं.

टाळी आधी गेरिटने वाजवली. मग सगळ्यांनी. कुणीतरी लॅथ्रॉपच्या पाठीवर थाप मारली, कुणी त्याच्यासाठी कॉफी ओतायला धावलं. मेरिडिथने डोळे पुसले आणि फोनवरून मुख्य कचेरीला कळवलं, जिंकलो.

बाईंनी भांडं डोक्याच्या वर धरून बुडाची पट्टी वाचली. बोटाने काच पुसून पाहिली. “लखलखीत आहे,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना हसताना लॅथ्रॉप पहिल्यांदाच पाहत होता. मग त्यांनी भांडं मांडीवर घेतलं आणि झाकण उचललं.

टाळ्या पुढच्या रांगेत थांबल्या, मग मागच्या. कॉफीचा पेला अर्ध्या वाटेवरून परत गेला. लॅथ्रॉपला काही कळेना. तोही वाकून आत बघू लागला. आत काहीच नव्हतं.

बाईंनी झाकण हळूच परत लावलं. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना वाईटच वाटत होतं.

“गेरिट,” त्यांनी मागे न बघता विचारलं, “पिकेटने तुझ्या बायकोचं ताट परत केलं, त्यात काय होतं रे?”

“मुरंबा,” गेरिट म्हणाला. “आंबट होता. पण होता.”