सातवं पान

परिषदेची वेबसाइट पाच वाजता बंद होणार होती आणि दीक्षाचा खुरपणीच्या गाण्यांवरचा शोधनिबंध अजून दोन ओळींनी सातव्या पानावर सांडत होता. चालतात सहाच पानं. अक्षर लहान केलं, समास आवळला, दोन्ही वेळा नियमात बसत नाही म्हणून फाइल परत आली. रडकुंडीला येऊन तिनं मार्गदर्शक सरांना फोन लावला. “खुरपणीच्या गाण्यांच्या शेवटच्या ओळी उडव. नुसतं गाणारणीचं नाव असतं त्यात,” सर म्हणाले. “माझ्या नावापुढच्या पदव्यांना मात्र हात लावू नकोस.” त्या पदव्यांनीच तीन ओळी खाल्ल्या होत्या. दीक्षानं निबंधातल्या आईच्या दोन्ही गाण्यांची शेवटची ओळ पुसली. फाइल चढली. “माजं गानं वाच की गं,” शेजारी बसलेली आई म्हणाली. दीक्षा वाचत गेली आणि मध्येच थांबली. पोरगी विसरली असं वाटून आईनंच पुढं म्हटलं, “आटपाडीची पारू म्हनती, लेक माजी शिकली गं बया...”