हिरव्या पट्ट्यावरची हरकत

"उद्या सुनावणीला गेलास, तर परत घर बघायचा नाहीस." एवढं बोलून पलीकडच्या घोगऱ्या आवाजानं फोन ठेवला.

मोतीलाल सपकाळ्यांनी लगेच उलट फोन लावला. नेहमीसारखी नुसती रिंग वाजत राहिली.

"परत तोच?" पार्वताबाईंनी भाकरी थापताना विचारलं.

"तोच."

"मग ऐका त्याचं. एसटीच्या डेपोत जन्म गेला तुमचा. बिल्डरशी भांडणं तुमच्याच्यानं व्हायचं नाही."

जळगावातल्या त्यांच्या कॉलनीला लागून बाग होती आणि बागेला लागून नाल्याकाठचा हिरवा पट्टा. सगळी कडुलिंबाची झाडं. मे महिन्यात गाव तव्यासारखं तापलं की अख्खी कॉलनी संध्याकाळी तिथल्या वाऱ्याला येऊन बसायची. पावसाळ्यात नाल्याचं पाणी त्या पट्ट्यात पसरायचं, म्हणून घरं कोरडी राहायची. आता बिल्डरला तिथं टॉवर उभे करायचे होते.

हरकत घ्यायला सुरुवातीला सगळेच पुढे होते. मग कुणाच्या पोराला बिल्डरकडे नोकरी लागली, कुणाला फ्लॅट स्वस्तात मिळणार असं कळलं. उरले मोतीलाल आणि शेजारी कूलर दुरुस्तीचं दुकान चालवणारा उजैर.

खरं तर मोतीलालही मागे सरले होते. "जाऊ दे, उजैर. आपण दोघं काय करणार?" असं ते एकदा अंगणात बोलून गेले. त्याच संध्याकाळी पहिला फोन आला. "म्हाताऱ्या, शहाणा असशील तर घरी गप बस."

सकाळी ते तरातरा उजैरच्या दुकानात गेले. "मला म्हातारा म्हणतो. बस, हरकत लिही."

"नाना, आधी पोलिसात जाऊ."

पण पार्वताबाईंनी हात जोडले. "पोलीस-बिलीस नको बाबा. लेकाला, राजदीपला कळलं तर तो आम्हाला उचलून पुण्याला नेईल."

पुढे बिल्डरचा माणूस घरी आला. चहा प्यायला, गोड बोलला, जेवढी झाडं तोडू त्याच्या दुप्पट लावू म्हणाला. तो गेल्यावर मोतीलाल म्हणाले, "माणूस तसा वाईट वाटला नाही." रात्रीचं जेवण व्हायच्या आत फोन आला. या वेळी पाय मोडायची भाषा होती.

"तोंडावर साखर आणि बगलेत सुरी," मोतीलाल ताट सारून म्हणाले. "आता तर सोडतच नाही."

आणि आता ही सुनावणी. सकाळी त्यांना सदऱ्याची बटणं लावता येईनात. पार्वताबाईंनी पुढे होऊन लावून दिली.

"नका जाऊ," त्या खाली बघत म्हणाल्या. "मोठी माणसं आहेत. घाबरलात असं म्हणाले तर म्हणू देत."

मोतीलालांनी चपला घातल्या.

उजैरच्या मोटारसायकलवर ते निघाले. सिग्नलला एक काळी गाडी अगदी खेटून उभी राहिली. तिची काच खाली आली. मोतीलालांनी उजैरचा खांदा घट्ट धरला. आतला माणूस गुटखा थुंकला आणि काच वर गेली.

महापालिकेच्या सभागृहात पुढच्या खुर्च्या बिल्डरच्या माणसांनी अडवल्या होत्या. नाव पुकारल्यावर मोतीलाल उठले. त्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

"साहेब, इथं आलो तर घरी परत जाणार नाही, असं मला सांगण्यात आलंय. तरी आलो. माणूस धमकीला घाबरतो, पाणी घाबरत नाही. नाल्याची जागा अडवली की ते आमच्या घरात शिरेल. तेव्हा ते कुणाला अडवता येणार आहे?"

बिल्डरचा माणूस पांढराफटक पडून उभा राहिला. "साहेब, आईशपथ, आम्ही कुणाला धमकी दिली नाही."

त्याच्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. मागून एक बाई उठली. "माझीही हरकत लिहा." मग कॉलनीतली माणसं एकेक करून उभी राहू लागली.

काही आठवड्यांनी सुनावणी घेणाऱ्या समितीची शिफारस आली. हिरवा पट्टा हिरवाच राहणार होता. उजैर पेढे घेऊन आला. पार्वताबाई ते वाटायला बागेत गेल्या.

मोतीलाल घरात एकटेच उरले. ऊर भरून आला होता. त्या माणसाला एकदा तरी ऐकवावं, असं त्यांना राहून राहून वाटू लागलं. त्यांचा फोन तो उचलत नव्हता. पार्वताबाईंचा बटणांचा मोबाइल ओट्यावर पडला होता. पाठ झालेला नंबर त्यांनी त्यावरून लावला आणि फोन कानाला धरला.

पहिल्याच रिंगला पलीकडून उचलला गेला.

"बोल अक्का," तोच घोगरा आवाज हसत म्हणाला. "भाऊजी परत ढिले पडले का? आता काय दम देऊ?"