मूळ चावी

बोरकुटे साहेबांनी खिशातून भिंग काढलं आणि पत्र्याचं इंजिन उन्हात धरलं.

"घुमट पितळी आहे. हा प्रकार मिळतच नाही." मग त्यांनी ते उलटंपालटं केलं. हिरवा रंग जागोजागी उडालेला, कडेला दातांच्या खुणा. "चावून टाकलं की यानं! वाया गेलं."

समोर उकिडवा बसलेला डोमा हसला. वय चाळिशीचं, समज पाच वर्षांच्या पोराची.

साहेब सूरजागडच्या डोंगरावर सर्वेला आले होते. जुन्या चावीच्या आगगाड्या जमवायचा त्यांना नाद. जीपवर हेमराज ड्रायव्हर होता, अजून कायम न झालेला. डोमामामाची ही गाडी दाखवायला तोच त्यांना एटापल्लीला घरी घेऊन आला होता.

"पाह्यजा हं," डोमा म्हणाला. चावी त्याच्या करदोड्याला बांधलेली होती. इंजिन पोटाशी धरून त्यानं चावी दिली आणि खाली सोडलं. सारवलेल्या अंगणात ते खडखडत पळालं. डोमानं टाळ्या पिटल्या.

साहेब इंजिनाकडे बघतच नव्हते. वाकून त्यांनी डोमाच्या कमरेला भिंग लावलं.

"मूळ चावी! कारखान्याचा छाप आहे. माझ्याकडे हेच इंजिन आहे, कोरं, खोक्यासकट. फक्त चावी नाही."

हेमराजची आई गोकुळा चहा घेऊन आली होती. "मंग आता तुमची गाडी चालन जी?"

"छे! चालवायची नसते ती. स्प्रिंग खराब होते. काचेत ठेवतो."

हेमराज घरातून ब्लेड घेऊन आला. डोमानं चावीवर मूठ आवळली. हेमराजनं एकेक बोट मागं वाकवलं. डोमा ओरडला.

"जित्या माणसाचा करदोडा तोडत नाईत रे बाबू," गोकुळा म्हणाली.

"तू चूप राय, माय. त्याले काय समजते? गाडी त त्याच्यापाशीच हाय ना."

"सांभाळून," साहेब म्हणाले. "चावीवर ओरखडा नको."

काळा दोरा तटकन तुटला. साहेबांनी चावी रुमालात गुंडाळली, उरलेला चहा संपवला. हेमराजनं पळत जाऊन जीपचं दार उघडलं.

धुरळा बसल्यावर डोमानं इंजिन मांडीवर घेतलं. चावीच्या भोकात करंगळी घातली आणि पिळली. चाकं हलली नाहीत. त्यानं आणखी जोर लावला. पत्र्याची धार लागून बोटातून रक्त आलं, तरी तो पिळतच राहिला.

गोकुळानं त्याचा हात ओढून काढला आणि पदरात दाबून धरला. डोमानं आपल्या बोटाकडे पाहिलं. मग बहिणीच्या बोटाकडे. दुसऱ्या हातानं त्यानं तिचं बोट धरलं आणि भोकात घातलं.

"बाई, तू फिरव."